नोंद नाही म्हणजे आजार नाही?

"आमच्याकडे बेन्झीनमुळे कोणी आजारी पडल्याची एकही नोंद नाही." मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात फलकाखाली उभे राहून व्यवस्थापक हे वाक्य म्हणतात, पेट्रोल पंपांचे चालक म्हणतात, आणि ज्यांनी नोंद ठेवायची ते अधिकारीही म्हणतात. वाक्य बहुतेक वेळा खरे असते. वही उघडली तर पान कोरे निघते. माझा आक्षेप त्या कोऱ्या पानावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे: नोंद नाही म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे खर्च करायचे कारण नाही. या युक्तिवादाच्या आधाराने रोज माणसांना विषारी वाफेत उभे केले जाते, म्हणून त्याला मुळापासून उत्तर द्यायला हवे.

बेन्झीन हा काही कालपरवाचा संशयित नाही. मायकेल फॅरडेने १८२५ मध्ये तो वेगळा काढला. १८९७ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या सायकल टायर कारखान्यात काम करणाऱ्या तरुण बायकांची रक्त तयार करण्याची ताकदच संपत गेल्याचे सांटेसन या संशोधकाने लिहून ठेवले. बेन्झीन हाताळणाऱ्या कामगाराला रक्ताचा कर्करोग झाल्याचे पहिले वृत्त १९२८ मध्ये फ्रान्समधून आले. १९४८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या आढाव्यात म्हटले गेले की या पदार्थाचे निखालस सुरक्षित मानता येईल असे प्रमाण एकच आहे, शून्य. हे कामगार संघटनेने लिहिलेले नव्हते. ज्यांचा धंदा तेलावर चालतो त्यांच्या संस्थेने लिहिले होते. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत बेन्झीन पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला त्याने कर्करोग होतो याबद्दल वाद उरलेला नाही.

ऐंशी अंशांना उकळणारे, रंग नसलेले, गोडसर वासाचे हे द्रव्य उघड्यावर भराभर उडते. श्वासातून शरीरात जाते, थोडे कातडीतूनही जाते. यकृत त्याचे विघटन करून ते बाहेर टाकू पाहते आणि त्या खटपटीत फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ तयार होतात. हे पदार्थ रक्तावाटे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीत जिथे रक्तपेशी जन्मतात तिथे पोहोचले की त्यांचे आणखी घातक रूप तयार होते आणि ते पेशींच्या गुणसूत्रांवर घाव घालते. कुणाची मज्जा सुकत जाते. त्याला अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. कुणाच्या मज्जेत बिघडलेल्या पेशींची वाढ सुरू होते आणि काही वर्षांनी, कधी दोन दशकांनी, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग समोर येतो. हा मधला काळच या सगळ्या वादाचा कणा आहे. अपघातात बोट तुटले तर त्याच दिवशी, त्याच यंत्रापाशी तुटते. इथे आजार उगवतो तोवर माणूस त्या यंत्रापासून, त्या मालकापासून, बऱ्याचदा त्या गावापासूनही दूर गेलेला असतो.

आता नोंद कशी होते ते पाहू. पस्तीस-चाळिशीचा माणूस दवाखान्यात येतो. जिना चढताना धाप लागते, अंगावर कुठे न आपटता निळे-जांभळे डाग उठतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, ताप महिन्याआड परततो. पहिला डॉक्टर अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक देतो. दुसरा टायफॉइडची तपासणी लिहितो. पैसे संपतात, मधे महिना जातो. शेवटी कुणीतरी रक्ताचा पूर्ण अहवाल मागवतो, प्लेटलेट तळाला गेलेल्या दिसतात आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. तिथल्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली 'व्यवसाय' असा रकाना असतो. खिडकीवरचा लिपिक त्यात 'नोकरी' लिहितो, फार तर 'लेबर'. कुठली नोकरी, कोणत्या खात्यात, हाताने काय हाताळत होता, त्याआधी काय करत होता, हे विचारायला त्या गर्दीत कुणाला सवड नाही आणि तसे शिकवलेलेही नाही. उपचार होतात किंवा होत नाहीत. माणूस वाचतो किंवा जातो. कागदावर रोगाचे नाव बिनचूक उतरते आणि कारणाची जागा रिकामी राहते.

कायद्यात मात्र सगळे लिहिलेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्या आजारांची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक आहे त्यांत, बेन्झीनची विषबाधा आणि तिचे परिणाम यांचा स्पष्ट उल्लेख होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाने कळवायचे, तसेच रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचे. न कळवणाऱ्या डॉक्टरला दंड किती होता, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. आता लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. पण कळवण्यासाठी आधी डॉक्टरच्या मनात शंका यायला हवी, शंका येण्यासाठी प्रश्न विचारलेला असायला हवा, आणि तो प्रश्न तर लिपिकाच्या खिडकीवरच संपलेला असतो. मग वर्षअखेरीस तक्त्यात शून्य भरले जाते. तेच शून्य पुढच्या वर्षी सुरक्षा सप्ताहात पुरावा म्हणून फडकवले जाते.

कुणी म्हणेल, हे सगळे तर्क झाले. खरेच रुग्ण असते तर कुठेतरी दिसलेच असते. याला इस्तंबूलने उत्तर दिलेले आहे. १९५५ ते १९६० च्या सुमारास तिथल्या चामड्याच्या आणि बुटांच्या छोट्या कारखान्यांत चिकटद्रव्यासाठी बेन्झीन मिसळलेला द्रव वापरला जाऊ लागला. कोंदट खोल्या, बंद खिडक्या, उघडे डबे. तिथल्याही वह्या कोऱ्याच होत्या. मुझफ्फर अक्सॉय हे रक्तविकारांचे डॉक्टर आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांना काम काय करता हे विचारत राहिले. १९७४ मध्ये त्यांनी ल्युकेमिया किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या २६ चर्मकामगारांची माहिती प्रसिद्ध केली. शहरात असे कामगार सुमारे २८,५०० होते. हिशेब केला तेव्हा या कामगारांत ल्युकेमियाचे प्रमाण लाखात १३ निघाले, सर्वसाधारण लोकसंख्येत ते लाखात ६ होते. १९६९ नंतर बेन्झीन हटत गेले आणि पुढच्या वर्षांत या कामगारांतले नवे रुग्णही कमी होत गेले. अक्सॉय यांना फार मोठी प्रयोगशाळा लागली नाही. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच डॉक्टरांना बजावले होते की रोग्याला त्याचा धंदा विचारा. अक्सॉय यांनी तेवढेच केले, पण प्रत्येक रोग्याच्या बाबतीत केले.

महाराष्ट्रात असे विचारणारे डॉक्टर नाहीत असे नाही. पण एखाद्याच्या जिद्दीवर चालणारी गोष्ट म्हणजे व्यवस्था नव्हे.

'आधी पुरावा दाखवा, मग बोला' या भूमिकेची किंमत अमेरिकेनेही मोजली आहे. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन आणि सेंट मेरीज इथे प्लायोफिल्म नावाचे पातळ रबरी आवरण बनत असे, त्यात बेन्झीन वापरले जाई. तिथल्या जुन्या कामगारांचा माग काढल्यावर ल्युकेमियाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे १९७७ मध्ये समोर आले. कामगार सुरक्षा प्रशासनाने १९७८ मध्ये हवेतल्या बेन्झीनची मर्यादा १० पीपीएमवरून १ पीपीएमवर आणायचे ठरवले. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. तेल उद्योग न्यायालयात गेला. २ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम रद्द केला. नव्या मर्यादेपेक्षा जास्त प्रमाणात लक्षणीय धोका आहे हे प्रशासनाने आधी दाखवून द्यावे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. न्या. थर्गुड मार्शल यांनी त्याविरुद्ध कडक शब्दांत मत नोंदवले. १ पीपीएमची मर्यादा अखेर १९८७ मध्ये आली. १९७८ पासूनच्या त्या नऊ वर्षांच्या विलंबामुळे ल्युकेमियाचे ३० ते ४९० जादा मृत्यू होतील, असा अंदाज निकल्सन आणि लँड्रिगन या संशोधकांनी मांडला. या अंदाजातला पल्ला मोठा आहे, आणि विरोधक नेमके त्याच्यावरच बोट ठेवतात. पण खालचा आकडा धरला तरी ती तीस माणसे आहेत, आणि कागद पुरेसा जाड होईपर्यंत त्यांना थांबवून ठेवले गेले.

यावर ठरलेले उत्तर येते: तो काळ गेला, हल्ली बेन्झीन वापरतेच कोण? पेट्रोलमध्ये असते, पण अवघे एक टक्का.

या 'अवघ्या' टक्क्याचा हिशेब मांडून पाहू, कारण पंपावरच्या मुलांचा सगळा प्रश्न तिथे अडवला जातो. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन आकारमानाने एक टक्क्यापर्यंत चालते. ३० अंश तापमानाला अशा पेट्रोलच्या वर बंद टाकीत जी वाफ साठते तिच्यात, राउल्टच्या नियमाने हिशेब केला तर, बेन्झीनचे प्रमाण सुमारे दोन हजार पीपीएम येते. टाकीत दहा लिटर पेट्रोल ओतले की टाकीतली जवळपास दहा लिटर वाफमिश्रित हवा तोंडातून बाहेर पडते. जाणार कुठे? ती हवा ०.५ पीपीएमपर्यंत विरळ व्हायला सुमारे चाळीस घनमीटर ताजी हवा लागते, म्हणजे बारा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची अख्खी खोली. हे एका गाडीचे झाले. पंपावर गाड्यांची रांग असते.

आता त्या मुलाचा चेहरा कुठे असतो ते पाहा. मोटारीत नळी घातली की टाकी भरल्यावर ती आपोआप थांबते. मोटारसायकलची टाकी उथळ, तोंड वर. गिऱ्हाईक म्हणते 'फुल्ल कर'. मग तो वाकतो, टाकीत डोकावतो, पेट्रोल काठाशी येताना डोळ्यांनी पाहत हळूहळू सोडतो. वाफ त्याच्या नाकाशी येते. सकाळी टँकर खाली होतो तेव्हा कुणीतरी वर चढून झाकणे उघडतो. जमिनीखालच्या टाकीत दांडा सोडून पातळी पाहतात, दांडा फडक्याने पुसतात, काचेच्या उभ्या भांड्यात पेट्रोल घेऊन घनता मोजतात. ते फडके दिवसभर खिशात राहते. मोजमापाच्या या कामात हातमोजे घातलेला माणूस मला अजून दिसलेला नाही.

पंप उघड्यावर असतो, वारा वाफ घेऊन जातो, हे मला मान्य आहे. म्हणूनच आठ तासांची सरासरी काढली की ती अनेक ठिकाणी १ पीपीएमच्या आत बसते. पण सरासरी नाकाला येत नाही. नाकाला येते ती टाकीच्या तोंडाशी काही सेकंद उसळणारी वाफ, दिवसातून शेकडो वेळा. आणि १ पीपीएमच्या आत सगळे सुरक्षित, हा समजही टिकलेला नाही. चीनमधल्या तिआनजिनच्या बूट कारखान्यांतल्या २५० कामगारांचा अभ्यास २००४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. १ पीपीएमपेक्षा कमी बेन्झीनमध्ये काम करणाऱ्यांच्याही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, बेन्झीनशी संबंध नसलेल्या कामगारांच्या तुलनेत घटलेल्या आढळल्या. युरोपीय संघाने कामाच्या जागेची मर्यादा एप्रिल २०२४ पासून ०.५ आणि एप्रिल २०२६ पासून ०.२ पीपीएम ठरवली. शहराच्या हवेसाठी आपलेच २००९ चे राष्ट्रीय मानक वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमचे आहे. १ पीपीएम म्हणजे सुमारे ३,२००. रस्त्यावरून जाणाऱ्याची फुफ्फुसे आणि पंपावर उभ्या असलेल्याची फुफ्फुसे वेगळ्या मातीची नसतात.

एक टक्का ही निसर्गाने आखलेली रेषाही नव्हे. अमेरिकेने २०११ पासून पेट्रोलमधल्या बेन्झीनची वार्षिक सरासरी ०.६२ टक्क्यावर आणली. या एक टक्क्याचे आणखी एक दुखणे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७१ चा १३६ क्रमांकाचा बेन्झीन करार भारताने १९९१ मध्ये मान्य केला. कमी घातक पर्याय मिळत असेल तर बेन्झीन वापरू नये, नोकरीवर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्ततपासणी व्हावी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना व अठरा वर्षांखालच्या मुलांना अशा कामावर लावू नये, हे सगळे त्यात आहे. पण करार लागू होतो तो एक टक्क्यापेक्षा जास्त बेन्झीन असलेल्या मिश्रणांना. एक टक्क्याचे पेट्रोल त्या उंबरठ्याच्या बरोब्बर बाहेर उभे राहते, आणि त्याबरोबर ते हाताळणारा माणूसही.

पेट्रोल पंपावरच थांबत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये कापलेल्या डब्यात पेट्रोल ओतून उघड्या हातांनी कार्बोरेटर धुतला जातो, संध्याकाळी ग्रीस निघावे म्हणून हातही पेट्रोलनेच धुतात, आणि एका गाडीतून दुसरीत पेट्रोल घ्यायचे तर नळी तोंडाला लावून ओढतात. गॅरेजात शिकायला आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात हे सगळे येते. त्यात विष आहे हे त्याला कुणी सांगत नाही. मुंबईतल्या धारावीत आणि ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बूट बनवणारे कारागीर पोटमाळ्यावर सोल्युशनचा डबा उघडा ठेवून ब्रश फिरवतात आणि रात्री तिथेच अंथरूण पसरतात. त्या डब्यात बेन्झीन आहेच असे माझे म्हणणे नाही. टोल्युइन असेल, हेक्झेन असेल. व्यापारी दर्जाच्या टोल्युइनमध्ये बेन्झीनची भेसळ राहू शकते, आणि हेक्झेनने हातापायांच्या नसा निकामी झालेले चर्मकामगार इटली-जपानने पाहिले आहेत. माझी तक्रार ही आहे की डब्यावर काय आहे ते लिहिलेले नाही, आणि कारागिराच्या बाजूने ते तपासून पाहणारे कुणी नाही. रासायनिक कारखान्यांत बेन्झीन कच्चा माल म्हणून उघडपणे येते. तिथे मुख्य प्रक्रिया बंद नळ्यांतून चालते हे खरे, पण टँकर जोडणे, नमुना काढणे, पंप उघडून दुरुस्त करणे, टाकीत उतरून ती साफ करणे ही कामे बंद नळीत होत नाहीत. ती कामे बहुतेक ठेक्याच्या माणसाच्या वाट्याला येतात.

'वास येत नाही ना, मग नाही.' हा आणखी एक दिलासा, तोही खोटा. बेन्झीनचा वास माणसाला जाणवतो तो दीड-दोन पीपीएमच्या पुढे, अनेकांना त्याहून पुष्कळ वर. वास आला म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली गेली, आणि वास आला नाही म्हणजे काहीच कळले नाही. रोज त्यातच वावरणाऱ्याचे नाक तर बधिर होते. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेची, सक्रिय कोळशाची डबी लावलेला श्वसनरक्षक लागतो, तो तोंडाला घट्ट बसावा लागतो, डबी वेळेवर बदलावी लागते. गूळ आणि दूध वाटण्याची पद्धत तर अजून चालू आहे. गुळाने अस्थिमज्जा वाचत नाही. जो मालक दुधाच्या पिशव्यांचा हिशेब ठेवू शकतो तो रक्ताच्या अहवालांचाही ठेवू शकतो.

आणि ते अहवाल? "आम्ही दरवर्षी तपासणी करतो, सगळे नॉर्मल आहे." कॅम्प लागतो, रक्तदाब आणि साखर मोजली जाते, छातीचा फोटो निघतो, कार्डावर 'फिट' असा शिक्का पडतो. रक्ताचा पूर्ण अहवाल काढलाच, तर तो छापील मर्यादेशी ताडून पाहतात. पांढऱ्या पेशींची नेहमीची मर्यादा चार हजार ते अकरा हजार. एखादा तरुण कामाला लागला तेव्हा त्याच्या पेशी साडेआठ हजार होत्या, पाच वर्षांनी साडेचार हजार झाल्या, तर अहवाल म्हणणार नॉर्मल. त्याच्या रक्ताच्या दृष्टीने मात्र जवळपास निम्मे सैन्य गेलेले आहे. हे दिसायला एकाच माणसाचे पाच वर्षांचे पाच कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात, आणि पहिला कागद कामावर येण्याच्या आधीचा असावा लागतो. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो तिथे तो पहिला कागद कुणाकडे असणार? लघवीतले फिनॉल मोजण्याची जुनी तपासणी आजच्या कमी प्रमाणाला उपयोगी नाही. एस-फिनाइल मरकॅप्ट्युरिक आम्ल मोजावे लागते. किती कॅम्पांत ते मोजले जाते, हे सुरक्षा अधिकाऱ्यांना सभेत सरळ विचारावे. आपल्या तपासणीचे कागद पाहण्याचा हक्क धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातलेल्या दुरुस्तीने दिला. मला भेटलेल्या कामगारांपैकी आपला अहवाल स्वतःच्या घरात असणारे मोजकेच निघाले.

सिगारेटचा मुद्दाही येतोच. धुरात बेन्झीन असते, ओढणाऱ्याच्या अंगात त्याचा मोठा वाटा तिथूनच जातो, हे खरे आहे. पण विडी ओढणाऱ्या कामगाराच्या मज्जेवर दोन बाजूंनी मारा होतो, एका बाजूचा मारा दुसऱ्याला माफी देत नाही. आणि विडीकाडीला कधी न शिवलेल्याचे काय? त्याच्यासाठी तरी या मुद्द्याकडे उत्तर नाही.

भरपाईच्या वेळीही कायद्याची दारे याच पद्धतीने बंद होतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात बेन्झीनने होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून होते. पण आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे तर त्याच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. तीन ठेकेदारांच्या हाताखाली तुकड्यातुकड्याने नऊ वर्षे काढलेला माणूस दहाव्या वर्षी आजारी पडला तर त्याने कोणाचे नाव लिहायचे? शिवाय छोट्या जागा कायद्याच्या नजरेतून आणखी निसटत चालल्या आहेत. वीज वापरणारी जागा पूर्वी १९४८ च्या मूळ कारखाने कायद्यात दहा कामगारांपासून कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत हा आकडा वीस आहे, विजेशिवायच्या जागांसाठी वीसऐवजी चाळीस. गॅरेज, पोटमाळ्यावरचे चर्मकाम, थिनर डब्यांत भरणारी शेड, हे सगळे वीसच्या आतले. त्याच संहितेत धोकादायक काम असेल तर एकाच कामगाराच्या जागेलाही अधिसूचना काढून नियम लावण्याची सोय आहे. बेन्झीनयुक्त द्रावके वापरणाऱ्या सगळ्या जागांसाठी केंद्र सरकारने ही अधिसूचना काढावी. अधिकार हातात असताना तो न वापरणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचे उत्तर मागता येते.

छोटे धंदे बुडतील म्हणतात. इटलीने १९६३ मध्ये कायदा करून द्रावकांतल्या बेन्झीनला लगाम घातला, तिथला चामड्याचा धंदा बुडाला नाही. इटलीचे बूट आजही जगभर विकले जातात. पंपाच्या नळीला वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त विक्रीच्या पंपांना ती बसवायला सांगितलेलेही आहे. ती बसली का, चालते का, नळीच्या तोंडावरचे रबरी आवरण फाटलेले आहे का, हे पाहण्याचे काम पंपावर काम करणाऱ्यांच्या प्रतिनिधीला का मिळू नये? रक्ताचा पूर्ण अहवाल काढायला काही शे रुपये लागतात. एका कामगाराचा वर्षाचा हा खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्याने ल्युकेमियाच्या उपचाराचे एक बिल पाहावे. ते बिल त्याच्या नावावर येत नाही, एवढाच काय तो फरक.

मला खरोखर अडवणारा आक्षेप मालकांकडून येत नाही, कामगारांकडून येतो. "तपासणीत पेशी कमी निघाल्या तर गेटवरूनच परत पाठवतील. मग खायचे काय?" ही भीती शंभर टक्के खरी आहे. ठेक्याच्या कामात 'अनफिट' या शब्दाचा अर्थ उद्यापासून येऊ नकोस. म्हणून कित्येक जण कॅम्पच्या दिवशी दांडी मारतात, थकवा लपवतात, आणि वही आणखी कोरी राहते. जी तपासणी माणसाची भाकरी काढून घेते ती तपासणी त्याने टाळावी हे शहाणपणाचेच आहे. त्यामुळे रक्ततपासणीची मागणी एकटी करून चालणार नाही. पेशी घटलेल्या कामगाराला त्याच पगारावर बेन्झीनपासून दूरचे काम द्यावे, ते देणे मूळ मालकावर बंधनकारक असावे, ठेकेदार बदलला तरी ते टिकावे, आणि त्याच्या रक्ताच्या नोंदी ठेकेदाराच्या कपाटात न राहता ईएसआयच्या, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेच्या, क्रमांकाशी जोडून त्याच्याबरोबर फिराव्यात, हे नियमात लिहून मिळाले पाहिजे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत वेतनवाढ आणि बोनस असतो. त्याच पानावर ही चार कलमे यायला हवीत. आणि सरकारी रुग्णालयांनी केसपेपरवरचा तो एक रकाना बदलावा: आत्ताचे काम, त्याआधीची कामे, हाताळलेले पदार्थ, प्रत्येक कामाची वर्षे. रक्तविकार आणि कर्करोग विभागांपासून सुरुवात केली तरी पुरे. रकाना भरणाऱ्याला पाच मिनिटे लागतील. दोन वर्षे तो नीट भरला गेला, की मग नोंद नाही म्हणणाऱ्यांशी आकडे समोर ठेवून बोलू.